दहावीची पूर्वपरीक्षा, ब्रिज कोर्स आणि अकरावी सायन्स: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सेमी-इंग्रजी शाळेत दहावीला आहे, पूर्वपरीक्षेत 78 टक्के मिळालेत, पुढे सायन्स घ्यायचं तिने ठरवलंय. जवळच्या ज्युनियर कॉलेजने एप्रिलपासून ब्रिज कोर्स, म्हणजे दहावी आणि अकरावी यांच्यामधली दरी भरून काढणारा छोटा वर्ग, जाहीर केलाय, तालुक्याच्या क्लासवाल्यांची व्हेकेशन बॅच आहे, आणि आजोबांचं म्हणणं की पोरीला आता जरा मोकळं सोडा. आईने विचारलंय की यातलं काय करावं. शिवाय, शाळेत एवढ्या परीक्षा देऊनही अकरावीसाठी वेगळी तयारी का लागावी?

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि अकरावीचे वर्ग वर्षानुवर्षं माझ्याकडेच असतात. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

शाळेच्या परीक्षा मुलांना तयार करतात, यात वाद नाही. घटक चाचण्या, सहामाही, एक-दोन पूर्वपरीक्षा आणि शेवटी बोर्ड, एवढं पार केलेलं मूल घड्याळ लावून पेपर सोडवायला शिकतं. अक्षर वाचता येईल इतपत ठेवतं, आकृतीला नावं देतं, एखाद्या प्रश्नावर अडलं तर तो सोडून पुढे जातं आणि वेळ उरला की परत येतं. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याची किंमत कळत नाही. मला ती 2021 च्या बॅचमुळे नीट कळली. त्या वर्षी कोरोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. ती मुलं अकरावीला आली तेव्हा हुशार मुलं हुशारच होती, शंका विचारायची, तोंडी उत्तरं पटापट द्यायची. पण पेपर हातात दिला की अर्धा वेळ पहिल्या दोन प्रश्नांतच जायचा. लिहिण्याची सवयच तुटली होती. परीक्षा हव्यात कशाला, असं कुणी स्टाफरूममध्ये म्हणालं की मी अजून त्या वर्गाची आठवण करून देतो.

पण दहावीचा पेपर मुलांकडून एक गोष्ट फारशी करून घेत नाही. समोरच्या प्रश्नाला कुठली पद्धत लावायची, हे स्वतः ठरवणं. गणित भाग 1 चा पेपर काढून बघा. 40 गुण, दोन तास. त्यात ‘खालील कृती पूर्ण करा’ म्हणून येणारे प्रश्न असतात. सोडवणुकीच्या पायऱ्या छापलेल्याच असतात, मुलांनी फक्त रिकाम्या चौकटी भरायच्या. त्यांचे दोन आणि तीन गुणांचे मिळून 7 गुण होतात. बाकीच्या प्रश्नांतही कुठला धडा आहे ते पहिल्या ओळीतच कळतं. ‘अंकगणिती श्रेढीचे 19 वे पद काढा’ म्हटलं की सूत्र ठरलेलं. विज्ञानात तीन गुणांचे आठ प्रश्न देऊन कोणतेही पाच सोडवायला सांगतात, त्यामुळे एखादा नावडता धडा बिनधास्त ऑप्शनला टाकता येतो. मंडळाला मी दोष देत नाही. दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं ही परीक्षा देतात, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकच पेपर असतो. तो सगळ्यांना झेपेल असाच काढावा लागतो. दहावी ही शालेय शिक्षण पूर्ण झाल्याची परीक्षा आहे. सायन्सची प्रवेशपरीक्षा म्हणून ती काढलेलीच नाही. तसं आपण तिला मानतो, आणि घोळ तिथे होतो.

म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणाने सांगतो.

दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षण’ धड्यात अशी गणितं असतात: चेंडू सरळ वर फेकला, तो 20 मीटर उंचीपर्यंत गेला, g = 10 धरा, सुरुवातीचा वेग आणि खाली यायला लागलेला एकूण वेळ काढा. मुलं v² = u² + 2as लिहितात, वेग 20 मीटर प्रति सेकंद येतो, वर जायला 2 सेकंद, यायला 2 सेकंद, उत्तर 4 सेकंद. वर्गातल्या बहुतेकांना हे येतं.

आता अकरावीच्या पहिल्या महिन्यात मी तेच गणित जरा वळवून देतो. 25 मीटर उंचीच्या गच्चीच्या कडेवरून तोच चेंडू त्याच वेगाने वर फेकला, तर तो खाली जमिनीवर किती वेळाने पडेल? वर्गात शांतता पसरते. अर्ध्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘सर, सूत्र कुठलं?’ थोडी मुलं s = ut + ½at² पर्यंत पोचतात आणि s च्या जागी बेधडक 25 टाकतात. मग t² − 4t + 5 = 0 असं समीकरण येतं, विवेचक (b² − 4ac) −4 म्हणजे उणे येतो आणि पोरं म्हणतात, ‘सर, गणित चुकलंय, उत्तरच येत नाही.’

गणित चुकलेलं नसतं. तुम्ही चेंडूला विचारलंत की गच्चीच्या वर 25 मीटरवर तू कधी असतोस, आणि तो म्हणतोय, कधीच नाही, मी वीस मीटरच्या वर जातच नाही. जमीन गच्चीच्या खाली आहे, म्हणून s = −25. तसं घेतलं की t² − 4t − 5 = 0, अवयव पाडले की t = 5 किंवा t = −1. वेळ उणे असू शकत नाही, उत्तर 5 सेकंद. एखादी मुलगी मागच्या बाकावरून सांगते की तिने दोन तुकडे केले: वर 2 सेकंद, मग 45 मीटर खाली यायला 3 सेकंद, एकूण 5. तिला सूत्रांची भाषा अजून जमत नसेल, पण तिला चेंडू दिसतोय. ती पुढे अडत नाही, असा माझा अनुभव आहे.

या गणितात दहावीबाहेरचं काहीही नाही. वर्गसमीकरण दहावीचं, गतीची समीकरणं नववीची, गुरुत्वाकर्षण दहावीचं. फक्त तिन्ही गोष्टी एकाच वेळी, कुणी न सांगता वापरायच्या आहेत. बीजगणिताच्या पेपरात वर्गसमीकरण सोडवणारं मूल विज्ञानाच्या पेपरात त्याला ओळख दाखवत नाही. अकरावी-बारावीचा सगळा अभ्यास मात्र ही ओळख गृहीत धरून बसलेला आहे.

म्हणून ताई, 78 टक्के या आकड्याने फार खूशही होऊ नका आणि घाबरूही नका. मुळात तो आकडा कशाचा आहे ते पाहा. बोर्डाच्या निकालात तर टक्केवारी आणखी फुगते. सहा विषयांतल्या चांगल्या पाचांची बेरीज होते, शिवाय विज्ञानात 20 गुण प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, जे बहुतेक शाळांत जवळपास पूर्ण मिळतात. विज्ञानात 100 पैकी 70 दिसले, तर त्यातले 20 बाजूला काढा. लेखी 80 पैकी 50, म्हणजे साडेबासष्ट टक्के. मी प्रवेशाच्या वेळी मुलांना ‘टक्के किती’ विचारत नाही. गणिताच्या दोन्ही भागांत आणि विज्ञान भाग 1 मध्ये लेखी किती, एवढंच विचारतो.

आता पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका. त्या बहुतेक शाळा मुलांना दाखवतात, काही घरीही देतात. आई-बाबा गुण बघतात, सही करतात आणि गठ्ठा कपाटावर जातो. तुम्ही तसं करू नका. मुलीला शेजारी बसवा आणि गणित-विज्ञानात जिथे जिथे गुण गेलेत तिथे तिलाच लिहायला सांगा की का गेले. येत होतं पण आकडेमोडीत चुकलं, हे एक. धडाच केला नव्हता, हे दुसरं. आणि तिसरं, ज्यासाठी हा सगळा उद्योग करायचा: ‘धडा येत होता, पण हे त्या धड्यातलं आहे हे ओळखलं नाही.’ गणिताच्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न, चौथा आणि पाचवा, या दृष्टीने सोन्यासारखे असतात, कारण ते पुस्तकातल्या उदाहरणाची नक्कल नसतात. विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न बघा. तिथे तिने पाठ केलेलं वाक्य लिहिलंय की कारण जोडलंय, हे तुम्हालाही वाचून कळेल, त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. हे काम बोर्डाच्या आधी होत असेल तर गुणही वाढतील. नाहीतर परीक्षा झाल्यावर एका दुपारी करा, पण करा. कुठल्याही ब्रिज कोर्सपेक्षा या यादीने तुम्हाला जास्त कळेल.

आणि ‘अपेक्षित प्रश्नसंचा’वर पूर्वपरीक्षा काढणाऱ्या शाळांबद्दल बोललंच पाहिजे. मुलांचा आत्मविश्वास वाढावा म्हणून तसं करतात, हेतू वाईट नसतो. पण पूर्वपरीक्षेचा खरा फायदा म्हणजे काय येत नाही ते दोन महिने आधी कळणं. तेच झाकलं गेलं तर ती परीक्षा वाया गेली.

आता ब्रिज कोर्स. 2021 मध्ये राज्य शासनाने ‘सेतू अभ्यास’ आणला होता, 45 दिवसांचा, दुसरी ते दहावीच्या वर्गांसाठी. मागच्या वर्षीचं राहिलेलं भरून काढून मग चालू वर्ष सुरू करायचं, ही कल्पना उत्तम होती. अकरावीला मात्र तो नव्हता. त्यामुळे अकरावीचा ब्रिज कोर्स म्हणजे ज्या त्या कॉलेजने आपापल्या परीने बसवलेली गोष्ट आहे. नाव एकच, पण आतला माल वेगवेगळा. काही ठिकाणी पहिले चार दिवस करिअर मार्गदर्शन, स्वागत, एखादं प्रेरणादायी व्याख्यान, आणि झालं. काही ठिकाणी ब्रिजच्या नावाखाली अकरावीचा पहिला धडा एप्रिलमध्ये सुरू करतात. व्हेकेशन बॅच तर जवळपास सगळ्या याच प्रकारच्या. जूनपर्यंत तीन धडे झालेले असतात, पालकांना बरं वाटतं, आणि ज्या मुलांना नववी-दहावीचंच पक्कं नाही ती तीन धडे मागे पडलेली असतात, फक्त दोन महिने लवकर.

चांगल्या ब्रिज कोर्सची माझी व्याख्या सोपी आहे: त्यात अकरावीचा एकही धडा ‘पूर्ण’ होत नाही. अकरावीला जी हत्यारं लागतात पण जी दहावीत दिलेली नाहीत किंवा दिली तेव्हा नीट लागली नाहीत, तेवढीच धार लावून हातात दिली जातात.

भौतिकशास्त्राचं सांगतो. सध्याच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. त्यात सदिश म्हणजे व्हेक्टर येतात आणि डिफरन्सिएशन-इंटिग्रेशनची तोंडओळखही येते. तिकडे गणिताच्या पुस्तकात डिफरन्सिएशन आहे दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी. म्हणजे भौतिकशास्त्राला जे जुलै-ऑगस्टमध्ये हवं, ते गणिताचे सर फेब्रुवारीत शिकवणार. दोघांचाही दोष नाही, दोघंही आपापल्या पुस्तकाच्या क्रमाने चाललेत. मधल्या मधे मूल मात्र dy/dx हे चिन्ह बघून हबकतं आणि ठरवून टाकतं की फिजिक्स आपल्या बसकी बात नाही. आलेखाचा चढ म्हणजे काय, तो बदलत असेल तर एका बिंदूपाशी कसा बघायचा, हे तीन-चार तासांत शांतपणे दाखवता येतं. दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ मुलांनी काढलेलाच असतो, तिथूनच धागा उचलायचा.

त्रिकोणमितीचंही तसंच. दहावीत कोन 0 ते 90 अंशांच्या आत, उंची आणि अंतराची गणितं. अकरावीत 120 अंशांचा cos लागतो, कोन रेडियनमध्ये येतात, आणि बलाचे दोन घटक करावे लागतात. ‘x ला cos, y ला sin’ असं मुलं पाठ करून टाकतात. मग उतारावर ठेवलेला ठोकळा येतो, वजनाचा उताराला समांतर घटक mg sin θ निघतो, आणि पाठांतर कोसळतं. तो θ वजन आणि लंब यांच्यामध्ये कसा आला, हे ज्या मुलांनी भूमितीत कोन शोधण्याची गणितं मनापासून केलीत त्यांना लगेच दिसतं. भूमितीचा पेपर मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. ‘पुढे भूमिती कुठे लागते’ असं म्हणून मुलं प्रमेयं घोकतात आणि रायडर, म्हणजे प्रमेयं वापरून सोडवायची गणितं, सोडून देतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

आणि लॉग, म्हणजे लॉगरिदम: तक्ता वापरून अवघड गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीने करायची पद्धत. बारावी बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगची तक्ती चालते. दहावीपर्यंत लॉगरिदम हा शब्द मुलांनी ऐकलेला नसतो. अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला व्हर्नियरने माप घेऊन गोळ्याचं घनफळ काढायची वेळ येते आणि माप बरोबर घेतलेलं मूल गुणाकारात अडकून बसतं. लॉग टेबल वापरायला शिकवणं हे दोन दुपारचं काम आहे. ते ब्रिजमध्ये नसेल तर तो ब्रिज कसला?

रसायनशास्त्रात संयुजा, रासायनिक सूत्रं लिहिणं, समीकरणं संतुलित करणं आणि मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक), एवढं पक्कं असलं की पहिलं सत्र सुखाचं जातं. मोल नववीत ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात येतो, आणि नववी ही आपल्याकडे कुणी फारशी मनावर न घेतलेली इयत्ता. जीवशास्त्रात अडचण संकल्पनांपेक्षा नवीन शब्दांच्या माऱ्याची असते.

तुमची मुलगी सेमीची आहे, त्यामुळे त्वरणाला ॲक्सिलरेशन म्हणतात हे तिला नव्याने शिकावं लागणार नाही. पूर्ण मराठी माध्यमातल्या मुलांसाठी हा मोठा डोंगर असतो आणि त्यांच्यासाठी ब्रिज कोर्सचा निम्मा वेळ त्यावर गेला तरी मला चालेल. पण सेमीच्या मुलांचीही एक गोम आहे. त्यांनी इंग्रजीत पेपर लिहिलेले असतात, पण वर्गात समजावणं मराठीतच झालेलं असतं, आणि पुस्तकापेक्षा गाईडच जास्त वाचलेलं असतं. अकरावीच्या पुस्तकातला अख्खा परिच्छेद वाचून त्यातलं म्हणणं काय ते सांग, म्हटलं की अडतात. सुट्टीत रोज एक पान मोठ्याने वाचून तिने तुम्हाला मराठीत सांगावं. तुम्हाला समजलं तर तिला समजलंय.

‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, बारावीला बघू’ हे जे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, त्याचं कारण अकरावीची परीक्षा कॉलेज स्वतः घेतं आणि सहसा कुणाला अडवत नाही. पण एमएचटी-सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीवर असतात, जेईई आणि नीटला तर दोन्ही वर्षं सारखीच. शिवाय बारावीचा धडा अकरावीच्या धड्यावरच चढतो. नव्या शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा धरलाय. आपल्याकडे मात्र दहावी शाळेत आणि अकरावी बहुधा दुसऱ्याच संस्थेत, म्हणजे जिथे जोड हवा तिथेच भेग. दहावीच्या बाईंना माहीत नसतं की अकरावीत काय लागतं. आम्हाला माहीत नसतं की समोरचं मूल कुठल्या शाळेतून काय घेऊन आलंय.

माझी बहीण मेलबर्नला असते, तिच्या मुलांमुळे तिकडची पद्धत जवळून कळली. व्हिक्टोरिया राज्यात बऱ्याच शाळा सातवी ते बारावी अशा सलग असतात. शैक्षणिक वर्ष डिसेंबरात संपतं. दहावीची शालेय परीक्षा नोव्हेंबरात होते, आणि ती झाल्यावर लगेच सुट्टी न देता बऱ्याच शाळा मुलांना अकरावीच्या विषयांच्या वर्गात नेऊन बसवतात. पुढच्या वर्षीचे शिक्षक, पुढच्या वर्षीची पुस्तकं, थोडा सुट्टीतला अभ्यास. याला तिकडे ‘हेडस्टार्ट’ म्हणतात. मुलाने विषय चुकीचा निवडला असेल तर तो तेव्हाच कळतो आणि जानेवारीअखेर शाळा भरायच्या आत बदलूनही घेता येतो. शाळा तीच असल्यामुळे हे शक्य होतं. आपल्याकडे परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे-जूनमध्ये, मग प्रवेशाच्या फेऱ्या. 2025 पासून तर अख्ख्या राज्याचे अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. फेऱ्या लांबल्या की वर्ग नीट भरायला ऑगस्ट उजाडतो. चार-साडेचार महिने मूल अभ्यासापासून तुटलेलं राहतं. ही पोकळी आहे म्हणूनच व्हेकेशन बॅचचा धंदा चालतो, हेही खरं.

म्हणून माझा सल्ला असा. पेपर संपले की तीन आठवडे पुस्तक दाखवूसुद्धा नका. मामाच्या गावाला जाऊ दे, झोपू दे, सायकल फिरवू दे. दमलेल्या मुलाला दोन एप्रिलला बाकावर बसवलं तर ते फक्त हजेरी लावतं. त्यानंतर कॉलेजच्या ब्रिज कोर्सला घालायचं की नाही, हे पैसे भरण्याआधी त्यांचं वेळापत्रक मागून ठरवा. पहिल्या आठवड्यात त्रिकोणमिती, लॉग, सूत्रांची मांडणी, आलेख, संयुजा, प्रयोगशाळेची ओळख असं काही दिसलं तर डोळे झाकून घाला, तिथे पुढे प्रवेश मिळो न मिळो. ‘धडा पहिला, धडा दुसरा’ दिसलं तर नको. सुरुवातीला एखादी चाचणी घेऊन कुणाला काय येत नाही ते बघणार का, हेही विचारा. तसं विचारणारे पालक फार थोडे भेटतात. घेत असतील तर समजा की तिथे कुणीतरी विचार केलाय.

ब्रिज कोर्स सोयीचा नसेल तर घरीही बरंच होतं. दहावीची गणिताची दोन्ही पुस्तकं रद्दीत देऊ नका. मे महिन्यापासून रोज तासभर, नववी-दहावीच्या गणित-विज्ञानातल्या तिने स्वतः काढलेल्या यादीवर काम पुरे. शाळेतल्या गणिताच्या बाईंना आठवड्यातून एकदा भेटता आलं तर सोन्याहून पिवळं.

व्हेकेशन बॅचचं म्हणाल तर जेईई-नीटचं खरंच ठरलं असेल आणि दहावीचा पाया मजबूत असेल तरच विचार करा. आणि क्लास व कॉलेज एकत्र असलेल्या ‘इंटिग्रेटेड’ योजनेत, जिथे कॉलेजात फक्त नाव असतं आणि पोर दिवसभर क्लासला, तिथे तर माझा स्पष्ट विरोध आहे. या प्रकाराला आळा घालायला 2018 मध्ये शासनाने ज्युनियर कॉलेजच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता, तेव्हा प्रश्न काही माझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही. अशा मुलांनी प्रयोगशाळा पाहिलेलीच नसते. बारावीला भौतिकशास्त्रात 30 गुण प्रॅक्टिकलचे असतात, ते मिळून जातात, पण पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मल्टिमीटर हातात घ्यायची वेळ येते तेव्हा कळतं.

कॉमर्स-आर्ट्सबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दोन वाक्यं. कॉमर्सला बुक-कीपिंग सगळ्यांनाच नवं असतं, त्यामुळे दहावीच्या गुणांचा तिथे फारसा फरक पडत नाही, आणि नावे-जमा एकदा डोक्यात बसवणारा आठवड्याभराचा वर्ग वर्षभर पुरतो. आर्ट्सला मोठं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिणं, याचीच तयारी हवी, आणि ती आपल्याकडे कुणीच करून घेत नाही.

शेवटचं म्हणजे अकरावीची पहिली घटक चाचणी. बहुतेक कॉलेजांत ती 25 गुणांची असते. दहावीला नव्वद टक्केवाल्या मुलांना तिथे 9, 11 असे गुण पडतात. घरात रडारड होते, सायन्स सोडून कॉमर्सला टाकायच्या गोष्टी सुरू होतात, क्लास बदलले जातात. तेव्हा काहीही बदलू नका. तीच उत्तरपत्रिका घेऊन तीच तीन कारणं पुन्हा काढा. आकडेमोड आणि न केलेला धडा यांतच गुण गेले असतील तर ते सहामाहीपर्यंत भरून निघतं. ‘ओळखलं नाही’ची संख्या मोठी असेल तर त्या विषयाच्या सरांना भेटा, उत्तरपत्रिका हातात घेऊनच. आम्हाला पालक भेटायला येतात ते बहुधा बारावीच्या निकालानंतर. सप्टेंबरात आलात तर करण्यासारखं पुष्कळ असतं. शाखा बदलायचीच असेल तर तो निर्णय सहामाहीचे पेपर हातात आल्यावर, मुलीशी बोलून घ्या. तोवर तिला कळलेलं असतं की विषय आवडत नाही की नुसताच अजून जमत नाही.